हरित किनाऱ्याचं पाणी

३ मार्च, सकाळ

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. मोठं काम सुरू होतं तेव्हा त्याची नोंद ठेवणारं कोणीतरी लागतं. या बेटावर तसा दुसरा माणूस नजरेत नाही, त्यामुळे हेही मलाच करावं लागणार.

काम असं. लुगासान बेटावरचं माझं रिसॉर्ट, 'हरित किनारा', प्रांतातलं पहिलं निसर्गस्नेही रिसॉर्ट ठरलं पाहिजे. एप्रिलच्या शेवटी समिती पाहणीला येते आहे. त्यांना पटलं की दाराशी निळी पाटी लागते. पाटी लागली की नुसते मनिलाचे लोक नाहीत, पार बाहेरच्या देशांतले येतात. मी उमेदीची सगळी वर्षं क्रूझ जहाजांवर स्टुअर्ड म्हणून काढली. पाहुण्याला काय हवं ते मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. हल्लीच्या पाहुण्याला पोहायचं तर असतंच, पण आपल्या पोहण्यानं समुद्राचं भलं झालं असंही वाटून घ्यायचं असतं. ते मी देणार.

चेलोला हे सविस्तर सांगितलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, आधी कोपऱ्यातल्या झोपडीचा संडास तुंबलाय तो बघ.

चेलो चांगली बायको आहे. दूरचं मात्र तिला दिसत नाही.

६ मार्च

मैलापाणी शुद्ध करणारी टाकी आज तराफ्यावरून उतरली. सगळं गाव धक्क्यावर. चेलोचा थोरला भाऊ बेलो, तिचा 'कुया' म्हणजे दादा, टाकीभोवती फेरी मारून म्हणाला, "दाजी, एवढा मोठा कुकर? जावई येणार आहेत का कोणाचे?" लोक हसले. मीही हसलो. बेलोला गांभीर्य कशाचंच नाही. होडी, जाळं, माडी आणि दुसऱ्याची थट्टा, यात त्याचं आयुष्य गेलं.

टाकी उतरवताना मात्र सगळ्यात जास्त जोर त्यानंच लावला. हे नोंदवलं पाहिजे. मी न्यायी माणूस आहे.

१० मार्च, दुपार

टाकीबाबत थोडी अडचण. तिला दिवसरात्र वीज लागते. बेटावर वीज येते संध्याकाळी, ती झोपायच्या वेळेला जाते. म्हणजे बाकीचा सगळा वेळ जनरेटर. जनरेटर म्हणजे डीझेल, डीझेल म्हणजे धूर.

शांतपणे विचार केला. पाणी शुद्ध करण्यासाठी हवा घाण करायची, हे निसर्गस्नेही माणसाला शोभतं का? शोभत नाही. तेव्हा टाकी पाहणीच्या दिवशी चालवायची. तोवर संडासाचं पाणी पूर्वीसारखं बागेमागच्या शोषखड्ड्यात जाऊ दे. तात्पुरती व्यवस्था.

टाकीभोवती बोगनवेल लावली. फार शोभते.

१५ मार्च

पोट बिघडलं. कच्चे आंबे आणि खारवलेली कोलंबी एकत्र खाल्ली, त्याचा परिणाम. उद्यापासून कच्चे आंबे बंद.

१७ मार्च

पोट तसंच. आंबे नव्हतेच मग. सुकवलेला माकूल मासा असणार. माकूल बंद.

२० मार्च

बागेतल्या पपया बघून कोरियाच्या पाहुण्यांनी फोटोंचा सपाटा लावला. एकेक पपई भोपळ्याएवढी. हिरवळ तर अशी की पाय रुततो. मार्च महिना, पावसाचा थेंब नाही, गावात सगळीकडे गवत वाळून काडी झालं आहे आणि माझी बाग हिरवीगार. हे सगळं मी केलेल्या पालापाचोळ्याच्या खतामुळे. पाहुण्यांना खताचं छोटं प्रात्यक्षिक दिलं.

बेलो मासे घेऊन आला होता. झाडाखाली उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला. "दाजी, हे झाड खातंय काय?" म्हणाला. मी खताबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "खत तुम्ही माझ्या बायकोलाही दाखवलं होतं. तिची पपई मेली." मग नाक वर करून वास घेतला आणि मासे ठेवून गेला.

मत्सर म्हणायचा का? बेलोबद्दल मी तसं म्हणणार नाही. पण माणूस आहे तो.

२४ मार्च

चेलो म्हणते, पिण्याचं पाणी उकळू या. तिला सगळं नीट समजावून सांगितलं. आपण जाहिरातीत काय म्हणतो? 'लुगासानच्या पोटातलं गोडं पाणी, थेट तुमच्या पेल्यात.' बाटल्या बंद केल्या त्या याच जोरावर. आता स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी खदखदताना पाहुण्यानं पाहिलं तर काय समजेल? शिवाय गॅस किती जळतो. नेत्यानं स्वतः करून दाखवायचं असतं. मी बोअरचं पाणी तसंच पिणार.

तिनं पातेलं उचलून आत नेलं. पटलं असावं.

२८ मार्च

खडकांवर हिरवं शेवाळ चढलं आहे. गेल्या वर्षी नव्हतं. पाहुण्यांना सांगितलं, समुद्र जिवंत असल्याची ही खूण. एका बाईच्या पायांना पुरळ आलं, तिला खोबरेल तेल दिलं.

आमच्या किनाऱ्याचं नाव हरित. शेवाळही हिरवं. यात तक्रारीसारखं काही दिसत नाही.

२ एप्रिल

पोट खडखडीत बरं. औषध नाही, डॉक्टर नाही, पाणीही तेच. केवळ मनाचा निर्धार. शरीराला आपण सांगितलं पाहिजे, ते ऐकतं. हे गावातल्या लोकांना एकदा समजावून सांगायचं आहे, कारण मागच्या वस्तीत जुलाबाची साथ आहे म्हणे.

८ एप्रिल

गावप्रमुख कॅप्टन पुरा आणि बेलो, दोघं सकाळीच आले. कॅप्टन पुरा बाई कमी बोलते, पण समोरच्या माणसाकडे असं बघते की आपला शर्ट मळला आहे की काय असं वाटायला लागतं. म्हणणं असं, की मागच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आहे आणि त्याला वास येतो. ही विहीर माझ्या बागेच्या भिंतीपलीकडे, नारळीत. आजोबा-पणजोबांपासून सगळी वस्ती तिचंच पाणी पिते. बेलोचं घर विहिरीला सगळ्यात जवळचं.

बेलो म्हणाला, "दाजी, बेटाखाली गोडं पाणी म्हणजे भाकरीवरचा पापुद्रा. तुम्ही वरून बोअर मारून ओढताय, खालून खारं चढतंय. आणि वास कुठून येतो ते मी सांगत नाही, चेलो माझी बहीण आहे."

मी त्यांना विचारलं, वस्तीत जेवणाआधी साबणानं हात किती जण धुतात? दोघांनाही उत्तर देता आलं नाही. मूळ तिथेच आहे.

ठरवलं की हात धुण्यावर एक मोठं चित्र रंगवून विहिरीवर लावायचं. साबणाच्या वड्याही वाटायच्या. स्वखर्चानं.

१२ एप्रिल

चित्र लावलं. चांगलं झालं आहे. खाली 'हरित किनारा यांच्याकडून प्रेमपूर्वक' असं लिहिलं.

१८ एप्रिल, ईस्टरचा पवित्र सप्ताह

रिसॉर्ट गच्च. व्हरांड्यातही गाद्या टाकल्या. शोषखड्डा भरून वर आला, हिरवळीवर पाणी पसरलं. पाहुणे दिसतील अशा जागी हे बरं नाही. भिंतीपलीकडे नारळीच्या सावलीत नवा खड्डा खणून घेतला. वाळू मऊ आहे, काम भराभर झालं. पाणी टाकलं की लगेच जिरतं, वर काही राहत नाही. अशी जागा आधी का सुचली नाही याचंच नवल वाटतं.

तात्पुरती व्यवस्था. पाटी लागली की टाकी कायमची सुरू.

२१ एप्रिल

समितीसाठी माझी खास कल्पना: शांत किनारा. पाहणीच्या दिवसांत आमच्या खाडीत एकाही होडीचं इंजिन वाजणार नाही. तेलाचा थेंब नाही, आवाज नाही, फक्त वल्ही. असं प्रांतात कोणीच दाखवलेलं नाही.

मासेमारांची सभा घेतली. इंजिनं काढून माझ्या गोदामात ठेवायची, कुलूप माझं, समिती गेली की परत. आधी कोणी तयार होईना. बेलो म्हणाला, "दाजी, मासे काय तुमच्या समितीसाठी किनाऱ्याजवळ येऊन उभे राहणार?" मी सांगितलं, पाटी मिळाली की टाकीचा पाईप मागच्या वस्तीपर्यंत नेईन, तुमचे संडासही जोडून देईन. तुमचीच विहीर स्वच्छ होईल. लोक बेलोकडे बघायला लागले. त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "चेलोच्या नवऱ्याला एकदा जिंकू द्या रे. नाहीतर घरी तिलाच ऐकून घ्यावं लागतं."

सगळ्यात पहिलं इंजिन त्यानंच आणून ठेवलं.

लोक माझ्यामागे उभे आहेत. हे फार महत्त्वाचं.

२६ एप्रिल

बेलोला जुलाब. बघायला गेलो. खाटेवर पडल्या पडल्या म्हणतो, "दाजी, सकाळपासून इतक्यांदा गेलोय की पायवाट पडली. पाहुण्यांना दाखवा, तिकीट लावा." त्याची बायको लिगाया त्याला विहिरीचं थंड पाणी पाजत होती. मी आल्याचा रस घ्यायला सांगितलं आणि मनाच्या निर्धाराबद्दल माझा अनुभव सांगितला. तो हसला. डोळे जरा खोल गेलेले वाटले. पण त्याचे डोळे मुळातच तसे आहेत.

२८ एप्रिल, सकाळ

समिती आली. तिघं जण, प्रमुख मिस्टर ओलिव्हेरोस. पांढरे बूट. टाकी पहाटेपासून चालू आहे, जनरेटर भिंतीमागे पोत्यांच्या आड. काही ऐकू येत नाही, म्हणजे फार नाही. बोगनवेल बहरली आहे. पेल्यात बोअरचं पाणी दिलं, पण त्यांनी आपापल्या बाटल्या आणल्या होत्या. प्लास्टिकच्या. मी बघून न बघितल्यासारखं केलं. यजमानानं एवढं मन मोठं ठेवावं.

दुपारी ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो. तिथे वल्ह्यांनी घेऊन जाणार, सूर्यास्त तिथेच दाखवणार. आजचा दिवस माझा आहे.

२८ एप्रिल, संध्याकाळ

गोदामाचं कुलूप तुटलेलं आहे. एक इंजिन नाही.

आधी दांड्यावरचं लिहितो. फार छान झालं. पाणी काचेसारखं, चहूकडे आवाज नाही. मी मिस्टर ओलिव्हेरोसना सांगत होतो की शांतता हीसुद्धा निसर्गाची संपत्ती आहे. तेवढ्यात फोन. चेलो. मी कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आल्यावर फोन बंदच केला. शांततेवर बोलत असताना खिशात फोन वाजतो हे बरं दिसत नाही. चेलोला दिवसाचं वेळापत्रक माहीत होतं. तिनं समजून घ्यायला हवं होतं.

परत आलो तर किनाऱ्यावर आमचा स्वयंपाकी एकटाच. त्यानं सांगितलं. बेलो दुपारपासून उठू शकत नव्हता, हातापायांत गोळे येत होते. लिगाया धावत आली. मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात न्यायचं तर इंजिन हवं. किल्ली माझ्या खिशात. वल्ही मारत निघावं की थांबावं यात वेळ गेला. मग चेलोनं नारळ सोलायच्या पहारेनं कुलूप फोडलं, माणसांनी इंजिन होडीला बसवलं, आणि ते गेले. चेलोही गेली.

समितीसमोर हे सगळं झालं नाही, एवढं बरं.

कुलूप नवीन होतं.

२९ एप्रिल

बेलो गेला. दवाखाना लागायच्या आधीच. मध्येच कुठेतरी पाण्यावर.

२९ एप्रिल, दुपार

सकाळी फक्त एकच ओळ लिहून उठलो. आता नीट लिहितो.

एखाद्या माणसाला इतके जुलाब झाल्यावर अर्धा दिवस इकडे-तिकडे झाल्यानं फरक पडतोच असं नाही. हे मी माझ्या सोयीसाठी म्हणत नाही. जहाजावर असताना असे दोन-तीन प्रसंग मी पाहिले आहेत. शिवाय तो दोन दिवस आजारी होता. लिगायानं त्याला परवाच न्यायला हवं होतं. इंजिनं परवा होती. म्हणजे गोदामात होती. पण परवा मी होतो, किल्ली होती, कोणी मागितली असती तर मी दिलीच असती. निदान विचार केला असता.

चेलो अजून आलेली नाही. ती वहिनीपाशीच आहे.

१ मे

बेलोच्या अंगणात, इथल्या दुखवट्याच्या रीतीप्रमाणे, रोज प्रार्थना, पत्ते, कॉफी. सगळं गाव तिथे. मी पानाफुलांचं चक्र पाठवलं, तार किंवा प्लास्टिक अजिबात न वापरता वेलीनं बांधलेलं. स्वतःही गेलो. लोकांनी खुर्ची दिली. पत्ते खेळणाऱ्यांनी डाव पुरा केला आणि मग पुढचा मांडलाच नाही. मला वाटतं मी गेल्यामुळे त्यांना जरा प्रसंगाचं गांभीर्य आलं.

लिगायानं मला कॉफी आणून दिली. म्हणाली, "घ्या, उकळलेली आहे." एवढंच.

५ मे

मिस्टर ओलिव्हेरोस यांचा फोन. समितीनं पसंती दिली. शांत किनाऱ्याची कल्पना त्यांना विशेष आवडली. पाटी तयार व्हायला वेळ लागेल.

हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. चेलो वहिनीकडे. स्वयंपाकी म्हणाला, छान झालं साहेब, आणि कांदा चिरत राहिला. पाहुणे नाहीत. किनाऱ्यावर जाऊन आलो. नेहमी अशी काही बातमी असली की मी आधी बेलोला सांगत असे. तो काहीतरी वाकडं बोलायचा, त्यातून मग मला आणखी मुद्दे सुचत.

८ मे

वस्तीत आणखी माणसं आजारी. मोठ्या बेटावरून आरोग्य खात्याच्या डॉक्टर अल्काला आल्या. तरुण बाई, केस पुरुषासारखे कापलेले, चालते भरभर. बागेत फिरली, टाकी बघितली. टाकी बंद कशी, विचारलं. मी धुराबद्दल सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "असं होय" म्हणाली. समजूतदार वाटली.

तिचं म्हणणं, विहिरीत घाण कुठून येते ते रंगानं कळतं. रिसॉर्टच्या संडासांत एक रंग ओतायचा. अपायकारक नसतो. तो विहिरीत उतरला तर उतरला, नाही तर नाही.

मी ताबडतोब हो म्हटलं. उलट मी तर म्हटलं की हे सगळ्या गावासमोर करा. माझ्याबद्दल कुजबुज चालली आहे, ती एकदाची थांबेल.

१० मे

चेलो कपडे न्यायला आली. मी तिला रंगाच्या चाचणीबद्दल सांगितलं, म्हटलं आता सगळं स्वच्छ होईल.

ती पलंगावर बसली. म्हणाली, "मार्च संपता संपता तुझं पोट बरं झालं, आठवतं?"

मी म्हटलं, आठवतं की. निर्धारानं.

"मी तुझं पाणी उकळत होते. तू किनाऱ्यावर फेरी मारायला गेलास की उकळायचं, गार करायचं, तुझ्या सुरईत भरून ठेवायचं. रोज."

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, "तुला सांगून काय झालं असतं? तू भाषण दिलं असतंस. मी कुयाला सांगायला हवं होतं. लिगायाला सांगायला हवं होतं, की तुम्हीही उकळा. पण ती विचारणार, का? मग मला म्हणावं लागणार की माझ्या नवऱ्याच्या संडासाचं पाणी तुमच्या विहिरीत येतंय. तोंडातून निघालं नाही. तुझी लाज राखली मी." मग बराच वेळ ती हातातल्या कपड्याची घडी घालत राहिली. एकच घडी, पुन्हा पुन्हा. "भाऊ होता माझा," म्हणाली.

मी तिला सांगितलं की अजून काही सिद्ध झालेलं नाही.

ती उठून गेली. शोक झाला की माणूस स्वतःला दोष देतो. काही दिवसांनी निवळेल.

१२ मे

रंग ओतला. मी स्वतःच्या हातानं ओतला, सगळ्यांच्या देखत, दोन शब्दही बोललो. पाण्यात पडताच असा झगझगीत हिरवा की डोळे दिपावेत. बाटलीत मात्र तांबडा दिसत होता. डॉक्टर अल्काला म्हणाल्या, हा असाच असतो.

विहिरीवर कॅप्टन पुरानं पाळी लावली आहे. दर थोड्या वेळानं पोहरा काढून बघायचं.

१३ मे

विहिरीत काही नाही. पाणी जसंच्या तसं.

१४ मे, दुपार

आजही काही नाही. मला माहीत होतं. विहिरीवर गेलो आणि जमलेल्यांना म्हटलं, माझ्या मनात कोणाबद्दल राग नाही. संशय येणं स्वाभाविक आहे. आता सगळ्यांनी मिळून खरं कारण शोधू या. हात धुण्याच्या चित्राचा कोपरा सुटला होता, तो नीट चिकटवला. लोक पुढचा पोहरा सोडायला वळले. लोकांना ओशाळल्यासारखं झालं असणार.

उद्या चेलोला आणायला जायचं. सगळ्या गावाला जेवण द्यायचं. डुक्कर भाजायचं का? शोक चालू आहे, तेव्हा नको. भात, मासे आणि गोड काहीतरी. बेलोच्या नावानं एक बाक बसवायचा, नारळीखाली, समुद्राकडे तोंड करून. त्यावर त्याचं नाव कोरायचं. खाली लहान अक्षरांत रिसॉर्टचं.

१५ मे

सकाळी मी चेलोला आणायला निघालो तेव्हा विहिरीवर पाळी लिगायाची होती. तिनं पोहरा सोडला. दोर हातानं ओढत होती, सावकाश, नेहमी ओढते तसा. मी "सुप्रभात" म्हणालो. पोहरा वर आला.

हिरवा होता. थोडासा वगैरे नाही. ओतताना दिसला होता तसाच.

तिनं त्यात बघितलं. मग माझ्याकडे नाही बघितलं, विहिरीत वाकून बघितलं. बायका जमल्या. कॅप्टन पुरा आली. कोणी ओरडलं नाही. मी वाट बघत होतो की कोणीतरी ओरडेल, मग मला उत्तर देता येईल. माझ्याजवळ मुद्दे होते. खड्डा तात्पुरता होता. टाकी विकत घेतलेली आहे, सगळ्यांनी बघितली आहे.

लिगायानं पोहरा उचलून माझ्या पायांशी ठेवला. जपून, सांडू न देता, घरी आलेल्याला पाणी द्यावं तसा. आणि घरात गेली.

चेलो दारात उभी होती. ती तशीच आत वळली.

१५ मे, संध्याकाळ

खडकांजवळचं पाणीही हिरवं झालं आहे. डॉक्टर अल्काला म्हणाल्या, दोन्हीकडे एकाच वाटेनं गेलं. कॅप्टन पुरानं रिसॉर्टला टाळं लावलं. बोअरही बंद केली. विहिरीवर फळ्या ठोकल्या. फळ्या मी देऊ केल्या होत्या, त्यांनी दुसरीकडून आणल्या.

१९ मे

नवी योजना. आधी शोषखड्डे उपसायचे. टाकीसाठी छपरावर सौर पॅनेल बसवायचे, म्हणजे धुराचा प्रश्नच नाही. हे आधीच करायला हवं होतं. मग विहिरीची शुद्धी. मग पावसाचं पाणी साठवायचं. एका वर्षात लुगासान आख्ख्या देशाला दाखवण्यासारखं होईल. मिस्टर ओलिव्हेरोस यांना फोन केला, नवी योजना सांगावी म्हणून. त्यांच्या कार्यालयानं सांगितलं की ते बैठकीत आहेत आणि पाटी येणार नाही.

२० मे

योजनेचा कागद घेऊन कॅप्टन पुराकडे गेलो. तिनं वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाली, "हे सगळं बरोबर आहे. हे सगळं आम्ही करणार आहोत. तुम्ही करायचं नाही."

मी विचारलं, मग मी काय करायचं?

  तिनं खरोखरच विचार केला, मला दिसलं. मग म्हणाली, "घरी जा."

२७ मे

चेलोला निरोप पाठवला. तिनं उलट निरोप पाठवला की लिगायाला सध्या एकटं ठेवता येत नाही. सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते विचारलं नाही.

पपया पिकून पडताहेत. कोणी नेत नाही. मीही खात नाही.

९ जून

पाणी आता मोठ्या बेटावरून होडीनं येतं, कॅनमध्ये. धक्क्यावर रांग लागते. माझी बोअर बंद असल्यामुळे मीही कॅन घेऊन जातो. रांग मोठी असते, ऊन असतं, पण मला कधी फार वेळ थांबावं लागत नाही. मी गेलो की समोरचा बाजूला होतो, त्याच्या पुढचाही होतो, आणि बघता बघता मी सगळ्यांच्या पुढे उभा असतो. पहिल्या दिवशी मी नको-नको म्हटलं. मग मान राखून घेतला. मनात म्हटलं, वय बघतात, गावासाठी केलेलंही आठवत असेल.

आज चेलो रांगेत होती. माझा नंबर तिच्यामागेच आला. मला बरं वाटलं. म्हटलं, इथेच थांबतो, घाई नाही. तिनं मागे बघितलं, आपला कॅन उचलला आणि माझ्यासाठी वाट सोडली.